रक्ताचे दप्तर

आमच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, घराचे खरेदीखत आणि घरपट्टीच्या पावत्या यांच्या शेजारी, माझ्या रक्ततपासण्यांचे एक दप्तर आहे. त्यातील अगदी तळाच्या कागदावर प्रयोगशाळेतील कोणा कारकुनाने निळ्या शाईने आकडे भरलेले आहेत. वरचे कागद उत्तरोत्तर गुळगुळीत होत गेले आहेत, आणि अलीकडच्या कागदांवर तर मर्यादेबाहेरचा आकडा आपोआप ठळक होऊन येतो. नावापुढचे वय तेवढे कागदागणिक वाढत गेले आहे, आणि ते क्रमाने वाचीत गेले असता लग्नानंतरचा पहिला हिवाळा, बाळंतपणे, बदलीची गावे, रजोनिवृत्तीची अस्वस्थ वर्षे असे माझे सारे आयुष्य टीएसएच नावाच्या एका आकड्याच्या अनुषंगाने डोळ्यांपुढून सरकते.

आईचे असे दप्तर नव्हते. ऐन चैत्रात ती लोकरीची बंडी घालून बसे. तिचा आवाज घोगरा झाला होता, भुवयांची बाहेरची टोके विरळ झाली होती, आणि टाचांच्या भेगा आमसुलाचे तेल चोळूनही बुजत नसत. “वहिनी, जरा हिंडत-फिरत जा, म्हणजे अंग हलकं होईल,” असे आत्या तिला मनापासून सांगे, आणि आईही मान डोलावून पुन्हा भिंतीला पाठ टेके. तिचे रक्त या कारणासाठी कोणी कधी तपासलेच नाही, तेव्हा तिलाही माझ्यासारखाच अवटू ग्रंथी (थायरॉइड) मंदावण्याचा विकार होता असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु हा विकार घराण्यांतून उतरतो, आणि पुढे माझ्याच भुवया आरशात तशा दिसू लागल्या तेव्हा मला प्रथम आठवली ती तिची बंडी.

गळ्याच्या पुढच्या अंगाला, श्वासनलिकेला बिलगून असलेली ही अवटू ग्रंथी वजनाने जेमतेम वीस ग्रॅमच्या आसपास भरते. पण हृदयाची गती, अंगाची ऊब, आतड्यांची हालचाल, स्त्रीची मासिक पाळी, इतकेच काय, विचारांची तरतरीसुद्धा तिच्या स्रावावर अवलंबून असते. तो स्राव रक्तात कमी पडू लागला की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला चेतवणारे द्रव्य अधिकाधिक सोडू लागते. वसूल थकला म्हणजे हुजुरातून मामलेदाराच्या कचेरीत ताकिदीवर ताकीद यावी तसा हा प्रकार. हे चेतवणारे द्रव्य म्हणजेच टीएसएच. म्हणून ग्रंथी मंदावली की हा आकडा उतरण्याऐवजी चढतो, आणि नव्या रुग्णाला ते उलटे वाटते. माझ्या बाबतीत दोष आयोडीनचा नव्हता. रोगजंतूंशी झुंजण्यासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी माझ्याच ग्रंथीत शिरून तिचा ऱ्हास करीत होत्या, आणि दप्तरातील एका कागदावर ग्रंथीविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांचा आकडा मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलेला आहे. ती तपासणी पुन्हापुन्हा करण्याचे कारण नसते. निदान झाले की तिचे काम संपते.

या विकाराला ज्यांचे नाव आहे ते हाकारू हाशिमोतो हे जपानी शल्यवैद्य. चार स्त्रियांच्या गळ्यांतून काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी 1912 मध्ये एका जर्मन नियतकालिकात हा रोग वेगळा म्हणून नोंदविला, आणि पुढे ते आपल्या गावी परतून घराण्याचा दवाखाना चालवीत राहिले. 1934 मध्ये ते वारले, आणि शरीरच आपल्या ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते हे लंडनच्या संशोधकांनी दाखविले ते 1956 मध्ये. आपल्या शोधाचे मर्म हाशिमोतोंना कळलेच नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

कारण कळण्यापूर्वीच उपाय मात्र हाती आला होता. 1891 मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका 46 वर्षांच्या बाईला बरे केले, आणि ती पुढे 28 वर्षे जगली. 1914 च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडल या रसायनशास्त्रज्ञांना या ग्रंथीच्या स्रावाचे, म्हणजे थायरॉक्सिनचे, स्फटिक मिळाले. 1927 मध्ये ते इंग्लंडात कृत्रिम रीतीने तयार झाले. माझ्या उशाशी असलेल्या बाटलीतील पांढऱ्या गोळीत या थायरॉक्सिनचे केवळ शंभरेक मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाइतका अंश. रक्तात ते इतक्या सावकाश झिजते की अर्धे उरायला सुमारे आठवडा लागतो, आणि त्यामुळेच मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवडे गेल्यावाचून रक्त तपासण्यात अर्थ नसतो.

गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही, हा नियम आमच्यासारख्या चहाबाज घरात सोपा नव्हता. हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला तर प्रश्नच पडला, तेव्हा सासूबाईंनी स्वतः पेला भरून हातात दिला आणि औषधाला उपासाचा दोष लागत नाही असा निवाडा केला. त्या निवाड्याविरुद्ध पुढे घरात कोणी चकार शब्द काढला नाही. गरोदरपणात मात्रा वाढवावी लागली, कारण पहिले काही महिने गर्भाला आईच्याच थायरॉक्सिनवर निर्वाह करावा लागतो. आणि त्याच वेळी सुरू झालेल्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या या गोळीला आतड्यातच अडवून धरीत असल्याने त्या चार तासांच्या अंतराने, म्हणजे जेवणानंतर घ्याव्या लागत.

आहाराविषयी मला जितके सल्ले मिळाले तितके दुसऱ्या कशाविषयीही मिळाले नसतील. कोबी, फ्लॉवर, मुळा, बाजरी यांत ग्रंथीला अटकाव करणारी द्रव्ये आहेत हे खरे. पण ती बाधतात ती मुख्यतः आयोडीनची वाण असलेल्या आणि तेच अन्न रोज भरपेट खाणाऱ्या माणसाला. शिजवलेली कोबीची भाजी आणि संक्रांतीच्या भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी मी कधी सोडली नाही. सोयाबीनचे पीठ तेवढे गोळीपासून दूर ठेवते. आयोडीनयुक्त मीठ टाकून केवळ सैंधवाच्या मागे लागणे मला पटत नाही, आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊन आयोडीन वाढविणे तर या विकारात अपायकारकच ठरू शकते. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांनी तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, हे फार थोड्या जणींना सांगितले जाते.

आकडा मर्यादेत आला म्हणजे थकवा त्याच दिवशी जातो असे नाही. क्वचित तो कित्येक महिने रेंगाळतो, आणि तेव्हा मनाने मात्रा वाढविण्याचा मोह होतो. परंतु अधिक थायरॉक्सिनने नाडी धडधडते, हाडे ठिसूळ होतात, आणि उतारवयात तर डॉक्टर टीएसएच थोडे वरच्या बाजूला राहू देणेच पसंत करतात. तितकाच घातक मोह म्हणजे बरे वाटू लागताच गोळी बंद करण्याचा. ज्या ग्रंथीचा ऱ्हास झाला आहे ती बहुधा पूर्ववत होत नाही. गोळी तिला दुरुस्त करीत नसून तिच्या जागी काम करीत असते.

स्त्रियांना हा विकार पुरुषांच्या कितीतरी पट अधिक होतो, आणि त्यांच्याच थकव्याला आपल्याकडे आळस म्हणण्याची चाल आहे. तुमच्या घरात कोणी बाई उन्हाळ्यात कुडकुडत असेल, तिचा आवाज बदलला असेल, चार पायऱ्या चढून ती बसत असेल, तर तिला उपदेश करण्याआधी तिचे टीएसएच तपासून घ्या. आणि निकाल स्वाभाविक आला तरी तिच्या थकव्याचे दुसरे कारण शोधा.