थांबण्याची शिदोरी

शिदोरी आपल्याकडे खाण्यासाठीच बांधतात, आणि बहुतेक वेळा भूक लागण्याआधीच सोडतात. कोकणात जाणारी एसटी पनवेल ओलांडते न ओलांडते तोच कुणाच्या तरी पिशवीतून लसणीच्या चटणीचा वास सुटतो, त्या वासाने दुसऱ्याला आपल्या दशम्या आठवतात, आणि पेण येईतो निम्मे डबे रिकामे. मी राहतो त्या मिनेसोटात मात्र नोव्हेंबर लागला की लोक गाडीच्या डिकीत एक डबा ठेवतात, आणि तो उघडायची वेळ येऊ नये एवढीच ठेवणाऱ्याची इच्छा असते. डबा बहुधा कॉफीचा, पत्र्याचा. आत बुटक्या मेणबत्त्या, काडेपेटी, चॉकलेट, दाणे-बेदाणे, एक शिट्टी, गाडीच्या एरियलला बांधायला लाल कापडाचा तुकडा. शेजारी ब्लँकेट, छोटं फावडं आणि पाळलेल्या मांजरांसाठी दुकानात मिळते त्या वाळूची पिशवी. चाक बर्फावर जागच्या जागी फिरू लागलं की ती त्याच्याखाली पसरायची.

खायला काय ठेवावं याबद्दल इथल्या मराठी घरांत भाजणीच्या प्रमाणाइतकेच मतभेद आहेत. पहिला नियम मात्र थंडीच घालून देते: जे पाणीदार ते बाद. फळं गोठतात. डबाबंद सूप गोठून डबा फुगतो. पाण्याची बाटली काठोकाठ भरली असेल तर तडकते, म्हणून वर चार बोटं जागा सोडायची. उणे पंचविसाला चॉकलेट दाताला दाद देत नाही आणि लोणावळ्याहून आणलेली चिक्की तर मुळीच नाही. माझं मत तिळाच्या मऊ लाडवाला. तिळात निम्म्याच्या आसपास तेल, वर गूळ. एका लहान लाडवात शंभरेक कॅलरी सहज. याउलट बाहेर पडलेला बर्फ. तहान लागली म्हणून कुणी किलोभर बर्फ खाल्ला, तर तो वितळवून अंगाइतका गरम करण्यात शरीराच्या सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. म्हणजे लाडू पोटात जाऊन उपयोग काय, तो बर्फाच्याच कामी आला. डबा पत्र्याचा हवा तो यासाठीही: त्यात बर्फ घ्यायचा, मेणबत्तीवर धरायचा आणि मग प्यायचा. प्लास्टिकचे सुबक डबे विकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

संक्रांतही येते ती इथल्या वर्षातल्या सर्वात गार दिवसांत. जवळच्या शनिवारी मंडळाचं हळदीकुंकू असतं. गावोगावची कुटुंबं तास-दीड तास गाडी चालवत येतात. बायका पैठण्या नेसून, पुरुष झब्बे घालून, पायांत चपला. जाड कोट घरीच, कारण त्याने निऱ्या चुरगळतात. उबदार गॅरेजमधून उबदार गाडीत, गाडीतून उबदार हॉलमध्ये. सगळा पोशाख हॉलसाठी केलेला. मधल्या ऐंशी किलोमीटर रस्त्यासाठी कुणी काहीच घातलेलं नसतं. याच राज्यात टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी तापमान उणे एक्कावन्न सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं, हे भाषणात सांगायला सगळ्यांना आवडतं. पण कोट घरीच.

यात आपल्या लोकांचीच चूक आहे असं नाही. ११ नोव्हेंबर १९४० ची सकाळ इथे इतकी सुखद उजाडली की बदकांचे शिकारी अंगावर साधे सदरे-जाकिटं घालून मिसिसिपीच्या बेटांवर गेले. दुपारपर्यंत वारा उलटला, पावसाचा बर्फ झाला, नदीला लाटा आल्या आणि होड्या परत फिरेनात. त्या वादळात एकट्या मिनेसोटात ४९ माणसं गेली. त्यांतले जवळजवळ निम्मे शिकारीच होते. पिढ्यानपिढ्या याच हवेत वाढलेली माणसं ती. सकाळ पाहून कपडे घालायची सवय त्यांनाही होती, आणि आता गाडीचा हीटर तर रोजच तसली सकाळ देतो.

हीटरचं तर मला नवल वाटतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. उरलेली बरीचशी उष्णता होऊन वाया जाते. हीटर त्या वाया जाणाऱ्यातलीच चिमूटभर आत वळवतो. म्हणून ती ऊब फुकट वाटते, आणि फुकटच्या गोष्टीवर माणूस फार लवकर विसंबतो. (विजेच्या गाडीला ही चैन नाही. तिथे प्रत्येक उबदार मिनिट बॅटरीतून वजा होतं, त्यामुळे तिचा मालक निदान हिशेब तरी ठेवतो.) इंजिन बंद पडलं की गाडी म्हणजे काचा लावलेला पत्रा. तासाभरात आतली हवा बाहेरच्या हवेच्या वाटेला लागते. मग एका मेणबत्तीची सुमारे ऐंशी वॅट उष्णता मोलाची वाटू लागते. स्वस्थ बसलेला माणूसही शंभरेक वॅट उष्णता देतो. मागच्या बाकावर तिघं दाटीवाटीने बसले तर ते या डब्यातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त कामाचे.

पांघरुणाबाबत मी पक्षपाती आहे. अंतराळ मोहिमांसाठी तयार झालेली ती चंदेरी पातळ चादर मुठीत मावते, अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत अंगाकडे फेकते, आणि कूस बदलली की चुरचुरते. दोघांत एकच असेल तर रात्रभर झोप नाही. आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी तिच्यापेक्षा चांगली, कारण थरांमध्ये हवा अडकते आणि अडकलेली हवाच ऊब धरते. पण गोधडी सुती. भिजली की तिची सगळी माया संपते. ओल्यातही थोडीफार ऊब राखते ती लोकर. म्हणून खाली लोकरीचं ब्लँकेट, वर गोधडी, आणि चंदेरी चादर काचेला आतून लावायला.

थंडीशी लढताना लोक ज्याने जातात ती मात्र बऱ्याचदा थंडी नसते. जानेवारी २०२२ मध्ये रावळपिंडीजवळच्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला आलेल्या लोकांच्या गाड्या रात्रभर रस्त्यात अडकल्या. किमान २२ माणसं गेली. त्यांतली बरीचशी गारठून नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने गेली असावीत असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. गाडीभोवती बर्फ साचतो, मागची धुराची नळी बुजते, आणि चालू इंजिनाचा वायू आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवतं. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोप तर थकल्या माणसाला हवीच असते. इलाज साधा आहे, पण उबेच्या अगदी विरुद्ध: आधी बाहेर उतरून नळी मोकळी करायची, मग तासाला दहाच मिनिटं इंजिन चालवायचं, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली ठेवायची. मेणबत्तीलाही काचेचा हाच नियम. पुण्या-मुंबईहून स्वतःच्या गाडीने मनालीला जाणाऱ्यांनी स्वेटरांच्या आधी हे पाठ करावं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजारेक गाड्या अडकल्या होत्या.

आणि गाडी सोडायची नाही. हे सर्वांत अवघड. आपण चालत्या माणसाला कर्तबगार मानतो, बसलेल्याला नाही. २००६ च्या नोव्हेंबरात ओरेगॉनच्या डोंगरात चुकीच्या वळणाने एक कुटुंब बर्फात अडकलं. आठवडाभर वाट पाहून वडील मदत आणायला पायी निघाले. दोन दिवसांनी आई आणि दोन लहान मुली गाडीच्या जवळपास जिवंत सापडल्या. वडिलांचा देह त्यानंतर दोन दिवसांनी मिळाला. ते चुकले असं उबदार खोलीत बसून म्हणवत नाही. डिकीत पुरेसं खाणं आणि पांघरूण असतं तर ते आणखी काही दिवस थांबू शकले असते, एवढंच मनात येतं. डब्यातला प्रत्येक लाडू थांबण्याचे काही तास विकत घेतो.

व्हर्जिनियात ३ जानेवारी २०२२ ला थांबण्याला पर्यायच नव्हता. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला आय-९५ महामार्गावर शेकडो गाड्या चोवीस तासांहून अधिक काळ खोळंबल्या. आधी पाऊस होता, म्हणून रस्त्यावर मिठाचं पाणी फवारलं नव्हतं. ते धुऊनच गेलं असतं. सिनेटर टिम केन रिचमंडहून वॉशिंग्टनला निघाले होते. एरवीच्या दोनेक तासांच्या रस्त्याला त्यांना २७ तास लागले. वाटेत फ्लोरिडाहून परतणाऱ्या एका कुटुंबाने त्यांना एक संत्रं दिलं. त्याच रांगेत पावाचा ट्रक अडकलेला होता. एका जोडप्याने त्याच्यावरचा नंबर पाहून बेकरीला फोन लावला. मालकांनी ट्रक उघडायची परवानगी दिली, आणि पाव गाडीगाडीतून वाटले गेले. त्या संपूर्ण खोळंब्यात कुणी दगावल्याची नोंद नाही. मला यात पावापेक्षा फोन करण्याचं धाडस मोठं वाटतं. तेव्हापासून माझ्या डब्यात आमच्या घराला लागतात त्याच्या दुप्पट लाडू असतात. बायको म्हणते, हे वाटण्यासाठी नसून मार्चमध्ये खाण्यासाठी आहेत. तिचंही खरं आहे.

राहता राहिली एक वस्तू, जी यादीत सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात असते: घट्ट झाकणाचा दुसरा रिकामा डबा. सत्तावीस तास म्हणजे सत्तावीस तास, आणि बाहेर कमरेइतका बर्फ. गेल्या हळदीकुंकवाला हा विषय निघाला तेव्हा सगळे जरा इकडेतिकडे पाहू लागले. कुणी सुचवलं, दोन डब्यांना वेगवेगळ्या रंगांची झाकणं लावावीत. त्यावर कोपऱ्यातल्या एक काकू म्हणाल्या, "अहो, अंधारात रंग कसले दिसतात? लाडवाच्या डब्याला सुतळी बांधा."