गिरणीशेजारचा बाक

"अरे, आई पुन्हा थांबली बघ," आक्का माजघरातून म्हणाली.

आई जाऊन आता पंचवीस वर्षं होऊन गेली. पण गेल्या हिवाळ्यापासून ती आमच्या घरात रोज दिवेलागणीनंतर अर्धा तास ओव्या म्हणते. १९८७ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी शाळेचा टेपरेकॉर्डर घरी आणला होता. आईला जात्यापाशी बसवून चार कॅसेटी भरून घेतल्या. मागे जात्याची घरघर, मध्येच कोंबडीचा आवाज, आणि एकदा तर "अरे, दूध उतू गेलं का बघ" हेही त्यात आहे. आक्काची नजर आता जवळजवळ गेली आहे. वाचन नाही, टीव्ही नाही. ऐकणं तेवढं उरलंय. म्हणून त्या कॅसेटी मी संगणकावर चढवून घेतल्या आणि एका हार्ड डिस्कवर ठेवल्या.

आता त्या आक्काच्या मोबाइलवर ऐकू याव्यात कशा? ती सोय शेजारच्या मुलाने करून दिली. तो डिप्लोमाला आहे. त्याचे वडील माझ्या हाताखाली शिकलेले, ते मला गुरुजी म्हणतात आणि हा आजोबा म्हणतो. त्याने रास्पबेरी पाय नावाचा एक बोर्ड आणला. पत्त्याच्या कॅटाएवढा, पण पूर्ण संगणक! त्यातला हा चौथा अवतार २०१९ च्या जूनमध्ये बाजारात आला. त्यात लिनक्स चालतं, वायफाय आहे, आणि यूएसबीची चार भोकं आहेत, दोन काळी आणि दोन निळी. निळ्या भोकात हार्ड डिस्क लावायची आणि बोर्डाने त्यातली फाइल वायफायवरून राउटरला द्यायची. तिथून ती आक्काच्या मोबाइलवर. महिना दोन महिने काही तक्रार नव्हती.

मग आई थांबायला लागली. ओवीच्या मधेच. कधी दहा सेकंद, कधी मिनिटभर. आक्काला वाटलं, कॅसेटच खराब झाली. "जाऊ दे रे, जुनी पट्टी, किती टिकणार," असं म्हणून ती गप्प बसायची. मला ते 'जाऊ दे' फार लागलं. आईचा आवाज दुसऱ्यांदा जातोय असं तिने मनाशी धरून टाकलं होतं.

आणि मी काय केलं? शेजारच्या मुलाला बोलावलं आणि झापलं. "हलकं कार्ड घातलंस, कुठेतरी अर्धवट ठेवलंस. तुम्हा मुलांना धीर म्हणून नाही." तो म्हणाला, "आजोबा, बघतो परत." थोडा वेळ खुडबुड केली, त्याच्या हातून काही सुधारलं नाही, आणि नंतर आठ दिवस तो फिरकलाच नाही.

शेवटी मीच वही घेऊन बसलो. मी बीए मराठीचा माणूस, संगणकाचं शिक्षण शून्य. पण एक गोष्ट आयुष्यभर मुलांना सांगत आलो होतो, एका वेळी एकच चूक शोधा. तेच इथे लावायचं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं.

मापायला काय, तर 'पिंग' नावाची आज्ञा. ती मला त्या मुलानेच शिकवली होती. पिंग म्हणजे थेट हजेरी! आपला बोर्ड राउटरला हाक मारतो आणि राउटर "हजर" म्हणतो. किती वेळात म्हणाला ते पडद्यावर येतं. सगळं ठीक असेल तर तीन-चार मिलिसेकंद. माझ्याकडे मात्र कधी चार, कधी सातशे, आणि शंभर हाकांपैकी तीसेक हाकांना उत्तरच नाही.

पहिला संशय विजेवर. या बोर्डाला पाच व्होल्ट आणि तीन अँपिअर देणारा चार्जर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर लावला आणि वर डिस्कही त्याच्यावरच चालवली, की बोर्ड दमतो. पण आमचा चार्जर बोर्डाबरोबर आलेलाच होता, आणि वीज कमी पडल्याची नोंद बोर्डाने कुठेही केलेली नव्हती. संशय मिटला.

दुसरा संशय रेंजवर. घर जुनं, दोन-दोन फूट जाडीच्या भिंती. राउटर सोप्यात आणि बोर्ड माजघराच्या फडताळात. पण सिग्नल पाहिला तर उणे ४८! (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ७५-८० ला रडारड सुरू होते.) म्हणजे रेंज उत्तम. इथेच मी दोन दिवस अडकलो. सिग्नल भरपूर दिसतोय आणि हजेरी मात्र लागत नाही, हे कसं? रेंज वाढवणारं एक यंत्र विकत आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात वहीतली पुढची ओळ आठवली. 'डिस्क काढून बघणे.'

डिस्क रीतसर अनमाउंट केली आणि वायर उपसली. पिंग चार, तीन, चार, तीन... शंभरपैकी शंभर हजर! पुन्हा लावली, पुन्हा गोंधळ. तीनदा केलं, तीनदा तेच. मग डिस्क काळ्या भोकात लावली. तरीही शंभर हजर!

म्हणजे डिस्क चांगली, बोर्ड चांगला, वायफाय चांगलं, मुलाचं कामही चांगलं. भांडण होतं ते निळ्या भोकाचं आणि वायफायचं.

हे का होतं ते शोधून वाचलं. काळं भोक यूएसबी २, त्याचा वेग सेकंदाला ४८ कोटी बिट. निळं यूएसबी ३, त्याचा ५०० कोटी. इतक्या वेगाने तारेतून वीज वरखाली होते तेव्हा ती थोडी बाहेरही सांडते. डब्यातून गिरणीत पीठ उडावं तशी. सांडलेला हा गोंगाट खूप मोठ्या पट्ट्यात पसरतो आणि त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा भागही येतो. आपलं नेहमीचं वायफाय नेमकं तिथेच, २४०० ते २४८३ मेगाहर्ट्झमध्ये बोलतं! इंटेल कंपनीने २०१२ मध्येच यावर एक टिपण काढलं होतं. यूएसबी ३ ची डिस्क जोडली की त्या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढतो, असं त्यांनी मोजून दाखवलं. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. डिस्क स्वस्थ बसलेली दिसली तरी निळ्या तारेवर दोन्ही बाजूंचं "आहेस ना? आहे" चालूच असतं, त्यामुळे गोंगाट थांबत नाही. वायर आणि डिस्कचं जोडणीचं तोंड नीट मढवलेलं असेल तर गोंगाट कमी सांडतो, स्वस्तातल्या वायरीत जास्त.

आणि आमच्याकडे त्यात माझी भर. हिवाळ्यात डिस्क बोर्डाच्या बाजूला होती. फडताळ आवरताना मी ती नीटनेटकी बोर्डाच्या डोक्यावर ठेवली होती. या बोर्डाची अँटेना बाहेर नसते. बोर्डावरच, तांब्यात घडवलेली, नखाएवढी. म्हणजे बिचाऱ्याच्या कानावरच मी गिरणी ठेवली होती.

मग 'उणे ४८' चं कोडंही सुटलं. तो आकडा राउटरचा आवाज किती मोठा येतोय ते सांगतो. कानाशी दुसरं कोण ओरडतंय ते सांगत नाही. बोर्ड बोलतो ते राउटरला ऐकू जातं, कारण राउटर गोंगाटापासून लांब आहे. पण राउटर बोलतो ते बोर्डाला कळत नाही. वायफायची रीत अशी, की पाठवलेल्या प्रत्येक पुडक्याची पोच यावी लागते. पोच ऐकू आली नाही की बोर्ड तेच पुडकं पुन्हा पाठवतो, मग पुन्हा, आणि शेवटी समोरच्याला कळत नाही असं समजून सावकाश बोलायला लागतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बोर्ड मंद आहे.

वहीत हे लिहीत होतो. 'बोर्ड मंद नाही. शेजारी कोण बसलंय ते पाहा.' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.

शाळेतला एक मुलगा आठवला. त्याचं नाव लिहीत नाही. सातवीचा वर्ग होता. वर्गाच्या मागच्या भिंतीला खिडकी, खिडकीपलीकडे बोळ आणि बोळापलीकडे पिठाची गिरणी. हा मुलगा खिडकीच्या बाकावर. मी आठवड्यातून दोनदा श्रुतलेखन घ्यायचो, आणि त्याच्या वहीत निम्मी वाक्यं अर्धवट. शब्द गाळलेले, भलतेच शब्द घातलेले. आणि गंमत म्हणजे तो माझ्याकडे टक लावून बघत असायचा. इतकं लक्ष असून लिहीत नाही म्हणजे काय? मी आवाज चढवला. मग उभा केला. मग छडी. "मठ्ठ आहेस" असंही सगळ्या वर्गासमोर म्हणालो. तो काही बोलला नाही.

एके दिवशी श्रुतलेखन चालू असताना वीज गेली. आमच्या वर्गात पंखा नव्हता की दिवा नव्हता, त्यामुळे आम्हाला काही फरक पडला नाही. संध्याकाळी वह्या तपासल्या तर त्याची वही पूर्ण. एक वेलांटी चुकलेली, बस्स. मी दोनदा बघितली. शेजाऱ्याचं बघून लिहिलं का, अशीही शंका घेतली, खोटं कशाला सांगू. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की वीज गेली म्हणजे गिरणीही बंद होती. तो टक लावून बघायचा ते माझे ओठ.

दुसऱ्या दिवशी त्याला पुढच्या बाकावर आणला. त्यानंतर त्याच्या वहीत काही गळलं नाही. पण "माझी चूक झाली" हे मी त्याला म्हणालो नाही. मास्तरने असं म्हणायचं नसतं, अशी तेव्हा समजूत होती. जागा बदलली, झालं. नंतर तो शाळा सोडून गेला, आणि मला आज तो कुठे आहे हे ठाऊक नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, हा वाक्प्रचार मी किती वर्षं वर्गात शिकवला! वाक्यात उपयोग करून दाखवा म्हणायचो. स्वतः किती वेळा करून दाखवला याचा हिशेब नाही. बरं, इथे तर चोरही कोणी नव्हता. गिरणीवाला दळण दळत होता, तेच त्याचं काम. डिस्कही तिचं काम वेगाने करते, एवढंच. दोघांची जागा तेवढी चुकली होती.

असो. संध्याकाळी शेजारी गेलो. मुलगा कॉटवर लोळत मोबाइल बघत होता. मला बघून उठून बसला. वडील आतून "या गुरुजी" म्हणत आले. त्यांच्यासमोरच म्हणालो, "अरे, त्या दिवशी मी तुला बोललो ते चुकलं. तुझं काम चोख होतं. डिस्क मी भलत्या जागी ठेवली होती." मुलगा एवढा संकोचला की काय बोलावं त्याला सुचेना. मग एकदम म्हणाला, "आजोबा, निळ्या भोकात काढलं की होतंय का नीट?" मी वही दाखवली. त्याने ती सगळी वाचली. पिंगचे आकडेसुद्धा! पाच मिनिटांत आम्ही दोघं फडताळासमोर.

पुढचं त्याने केलं. राउटरला ५ गिगाहर्ट्झचाही पट्टा होता. त्यावर बोर्ड घेतला तर गोंगाटाचा त्रास नाहीसा झाला, पण तो पट्टा जाड भिंतीत फार लवकर दमतो, त्यामुळे मधूनच जोडणी तुटायला लागली. राउटरपासून सरळ वायर ओढली तर प्रश्नच नाही, पण भिंतीला भोक पाडायला आक्काने साफ नकार दिला. काळ्या भोकाचा वेग ओव्यांना भरपूर पुरतो. एक मिनिटाची फाइल जेमतेम दहा एमबीची. पण त्याला त्याच डिस्कवर आमचे सगळे फोटोही ठेवायचे होते, त्यासाठी निळंच हवं. म्हणून त्याने नीट मढवलेली एक मीटरची वायर आणली आणि डिस्क फडताळाच्या खालच्या खणात, बोर्डापासून लांब नेली. निळ्या भोकातच, आणि शंभरपैकी शंभर हजर. त्या वायरीला खर्च किती आला ते त्याने सांगितलं नाही. दिले तर घेतलेही नाहीत.

तुमच्याकडे असा एखादा बोर्ड असेल आणि वायफाय अचानक रांगायला लागलं, तर आधी डिस्क काढून एकदा पिंग करा. काळ्या भोकात लावून दुसऱ्यांदा. हे दोन्ही होईपर्यंत कुणाला काही बोलू नका.

त्या रात्री आक्काने ओव्या ऐकल्या. दूध उतू गेलं का बघ, तिथपर्यंत एकदाही आई थांबली नाही. आक्का हसली आणि म्हणाली, "तेव्हा खरंच उतू गेलं होतं रे. तू त्या टेपपाशी बसून राहिलास आणि बोलणी मी खाल्ली."