हौदातला महाराष्ट्र दिन

यंदा 1 मे रोजी आमच्या घरी 'पूल पार्टी' झाली. कर्जतमध्ये हे शब्द चारचौघांत उच्चारायलासुद्धा जरा धीर लागतो. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. इथे पाहुण्याच्या तांब्यात उरलेले घोटभर पाणी कढीलिंबाच्या आळ्यात जाते आणि माणसाची ऐपत त्याच्या विहिरीला चैत्रात किती परस पाणी आहे यावरून ठरते. अशा गावात निव्वळ डुंबण्यासाठी पाणी भरायचे, वर चार माणसे बोलवायची! आणि हे कोणाच्या घरी? तर पाणी जपून वापरा असे तीस वर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तराच्या घरी.

कल्पना अर्थातच माझी नव्हती. सुटीत पुण्याहून आलेल्या सात वर्षांच्या नातवाने परसातला जुना दगडी हौद पाहिला आणि विचारले, "आबा, तुमचा पूल कोरडा का ठेवलाय?" हा हौद माझ्या वडिलांनी बांधलेला. विहिरीचे पाणी आधी त्यात पडे आणि तिथून पाटाने लिंबोणीच्या झाडांना जाई. ठिबकच्या नळ्या आल्या आणि हौदात सरपण येऊन बसले. मी हे सगळे नातवाला समजावून सांगितले; पण 'पूल' हा शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. त्यात त्याची चौदा वर्षांची बहीण मदतीला धावली. "1 मेला करू या, आबा. महाराष्ट्र दिन! झेंडा लावू, गाणी म्हणू." गोष्टीला देशभक्तीची जोड दिली की आजोबांना नाही म्हणता येत नाही, हे पोरांना कोण शिकवते कोण जाणे!

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हौद दहा फूट लांब, सहा फूट रुंद. तीन फूट भरायचा म्हटला तर 180 घनफूट. म्हणजे पाच हजार लिटरच्या थोडे वरच. एक लहान टँकर! पंधरा लिटरचा हंडा धरला तर तीनशे चाळीस हंडे.

हा शेवटचा आकडा मी मोठ्याने बोललो, ही माझी चूक. थोरली बहीण, आमची आक्का, ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिचे हात थांबले.

1972 च्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो आणि आक्का बारा वर्षांची. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात मिलोच्या तांबड्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. पाण्याचे काम आक्काकडे. दूरच्या विहिरीवर नंबर लावायचा आणि दिवसाकाठी दोन, फार तर तीन हंडे आणायचे. एकदा उतारावर तिचा पाय घसरला आणि भरला हंडा गेला. आई संध्याकाळी घरी आली. तिने रिकामा हंडा पाहिला, आक्काचा फुटलेला गुडघा पाहिला आणि त्यावर हळद दाबली. रागावली नाही, पण त्या रात्री ती कोणाशी बोललीही नाही. आईने त्या दिवशी मारले असते तर बरे झाले असते, असे आक्का अजून म्हणते.

त्या आक्कासमोर मी तीनशे चाळीस हंड्यांचा हिशेब मांडला होता!

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आवर्तन आलं तर भरा. न्हाय आलं तर न्हाय. आन् साबण कुणी लावायचा न्हाय. पानी झाडाला जायचंय."

आवर्तन म्हणजे कुकडीच्या कालव्याला पाळीने सुटणारे पाणी. ते जुन्नरकडच्या धरणांतून निघते आणि पारनेर, श्रीगोंदा करीत आमच्याकडे येते. आम्ही शेपटाकडचे. मधल्या वाटेवर सगळ्यांनाच तहान असते, तेव्हा आमच्या वाट्याला पाण्यापेक्षा बातम्याच जास्त येतात. पोरे रोज सकाळी "आलं का?" म्हणून विचारू लागली. पुण्यात नळ सोडणाऱ्या पोरांना पाण्याची वाट पाहताना बघून मला, खोटे कशाला सांगू, बरे वाटले. एप्रिल सरता सरता कालवा वाहू लागला आणि पाझराने विहीर परसभर चढली.

नातवाला झेंडा हौदाच्या मधोमध रोवायचा होता. तिरंगा जमिनीला टेकू द्यायचा नाही, पाण्यात लोळू द्यायचा नाही, असा ध्वजसंहितेचा नियमच आहे, हे सांगितल्यावर तो ओशाळला. मग हौदापासून दूर, अंगणात काठी उभी केली. झेंडावंदन झाले. राजा बढे यांचे गीत म्हटले. शाहीर साबळ्यांनी घरोघर पोहोचवलेले हे गीत 2023 साली राज्यगीत झाले, तरी दुसरे कडवे आमच्यापैकी एकालाही धड येत नव्हते. 1960 साली याच दिवशी राज्य झाले आणि त्यासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले, हे मी सांगितले. नात म्हणाली, "आणि आज कामगार दिनसुद्धा असतो ना, आबा?" असतो. मला खडीच्या ढिगावर बसलेली आई आठवली.

तेवढ्यात शाळेतले झेंडावंदन आटोपून आळीतली पोरे निकालपत्रकासकट दाखल झाली. निकालपत्रके खिडकीच्या गजांत अडकली आणि सोळा पोरे हौदात पडली. काय तो कल्ला! काठावरून पाणी उडाले की आक्काच्या कपाळावर आठी चढे. शेवटी ती पाट घेऊन मोरीशीच जाऊन बसली आणि सांडलेले पाणी तांब्याने बादलीत भरू लागली. सूनबाईने सँडविचचा बेत केला होता. पण दोन तासांनी कुडकुडत बाहेर आलेल्या पोरांनी आमच्या हिच्या हातची झणझणीत शिपी आमटी आणि भाकरीच चापली. सँडविचे मी खाल्ली.

चारच्या सुमाराला हौदाचा बोळा काढला. पाणी पाटाला लागले. आक्काने पदर खोचला, खोरे घेतले आणि कैक वर्षांनी दारे धरले. एक आळे भरले की माती ओढून पुढचे दार मोकळे. नातू पाण्याच्या तोंडाबरोबर धावत होता. शेवटच्या लिंबोणीच्या अलीकडे पाणी थांबले.

"आक्काआजी, हौदात किती हंडे उरले?"

आक्काने वाकून पाहिले. तळाला, बोळ्याच्या खाली, घोटाभर पाणी होते. "आस्तील तीसेक," ती म्हणाली. मी बादली घेऊन पुढे झालो, तर तिने ती माझ्या हातून काढून घेतली आणि स्वतःच हौदात उतरली. पहिली बादली भरून तिने वर दिली. दुसरी दिली. मग काही वेळ तिसरी येईचना. पाहतो तो आक्का बादली बाजूला ठेवून पाण्यात नुसती उभी होती, लुगडे घोट्याच्या वर धरून.

"पानी गार हाय रे," ती म्हणाली. "थांबा जरा."