वापरलेल्या वस्तूंचे मोल

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावांत आखातातून आलेल्या खोक्यांचे आता नवल राहिलेले नाही. कुवेत, दुबई, मस्कत ही नावे तेथील म्हाताऱ्यांच्या तोंडी चिपळूण-गुहागरइतक्याच सहजतेने येतात. तरीही पोस्टमन पार्सल घेऊन दारात उभा राहतो आणि वर शुल्काचे पैसे मागतो, तेव्हा घरची बाई गोंधळते. मुलाने स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या, स्वतःच्याच घरी धाडलेल्या वस्तूंवर सरकारचा हक्क कसला?

प्रश्न भाबडा असेल, पण अडाणी नव्हे. कायद्याच्या दृष्टीने सीमा ओलांडून आत आलेली वस्तू ही आयातच होय; ती कोणी कोणाला मायेने पाठवली, हे तो विचारत नाही. पार्सलावर चिकटवलेल्या कागदावर आतील वस्तू आणि त्यांची किंमत लिहिलेली असते. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधील विदेशी डाकघरासारख्या ठिकाणी सीमाशुल्क अधिकारी तो कागद वाचतात, शंका आल्यास खोके उघडतात आणि शुल्क ठरवतात. ते १०० रुपये किंवा त्याहून कमी भरले, तर घेतले जात नाही. भेट म्हणून आलेल्या ५,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंना पूर्वी माफी होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती वाट बंद झाली. जीवरक्षक औषधे आणि राखी तेवढी वगळली गेली. राखी वगळणाऱ्या त्या अधिकाऱ्याला बहीण असावी!

खरी गंमत पुढेच आहे. पोस्टाने एकटा आलेला शर्ट 'माल' ठरतो. तोच बॅगेत घेऊन मुलगा विमानतळावर उतरला, तर ते त्याचे 'सामान' होते. प्रवाशाच्या सामानातील वस्तू ठरावीक काळ त्याच्या वापरात होती, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर ती शुल्काविना सोडता येते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ७९ व्या कलमात तशी तरतूद आहे. बाजारात नव्याला मोल आणि जुन्याला भंगाराचा भाव. येथे मात्र विरलेली कॉलर आणि झिजलेली मूठच मालकाच्या बाजूने साक्ष देतात.

आणि मालकच परतला नाही तर? त्याचीही सोय नियमांनी केली आहे. मृत व्यक्तीच्या वापरातील वैयक्तिक व घरगुती वस्तूंवर शुल्क लागत नाही. मात्र त्या वस्तू त्याच्याच होत्या, असे तेथील भारतीय दूतावासाचे प्रमाणपत्र लागते. ज्या आईने त्याचे पहिले झबले शिवले, तिला त्याचा शर्ट ओळखण्यासाठी परक्या देशातील शिक्का हवा, हे ऐकायला कठोर वाटते. पण त्या शिक्क्यामुळेच खोके अडून राहत नाही, हेही खरे.

अशाच एका घरी यादी वाचायला शाळकरी पुतण्याला बसवले होते. चार शर्ट, दोन लुंग्या, दाढीचे सामान, मनगटी घड्याळ, एक थर्मास. तो वाचत होता आणि आई एकेक वस्तू ओटीत घेत होती. थर्मास हातात आल्यावर ती थांबली. त्याला झाकण नव्हते.

"बघ रे, झाकण यादीत लिहिलंय का?"

पोराने कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला.