सव्वादोन बोटांची अडचण

एकत्र कुटुंबांत ज्यांचें आयुष्य गेलें आहे त्यांस जागेचें महत्त्व शिकवावें लागत नाहीं. माणसें वाढतात, सामान वाढतें, भिंती मात्र आपल्या जागेवरून हालत नाहींत. मग उभें ठेवावयाचें तें आडवें ठेवावें, आडवें असेल तें टांगावें, आणि जें टांगतां येत नाहीं तें कोणाच्या तरी पलंगाखालीं सरकवावें, हा क्रम ओघानेंच येतो. हीच युक्ति संगणकाच्या पेटींत काय कामगिरी करते तें ह्या पावसाळ्यांत मीं पाहिलें. विषय यंत्राचा आहे, आणि मी पडलों संस्कृतचा शिक्षक. परंतु ज्या गोष्टीनें घरांतील वडीलधाऱ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांस दोन महिने गुंतवून ठेवलें, ती वाचकांपुढें मांडण्यास फारशा अधिकाराची आवश्यकता नसावी.

आमच्या घरीं जुन्या व्हिडिओ कॅसेटी आहेत, एकूण अकरा. त्यांपैकीं एक १९९४ सालच्या मुंजीची. बटु म्हणजे माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा. तो आतां स्वतः दोन मुलांचा बाप आहे. मुंजीच्या आदल्या दिवशीं आमच्या मातोश्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसून घाणा भरण्याचीं गाणीं म्हणत आहेत, असें पांचसहा मिनिटांचें चित्रण तींत आहे. मातोश्री १९९७ सालीं गेल्या. त्यांचीं छायाचित्रें घरांत पुष्कळ आहेत. आवाज मात्र ह्या एका फितींतच उरला आहे. फितीला वय असतें, आणि फीत वाजविणाऱ्या यंत्राला त्याहून कमी. ह्या धंद्यांत शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या जपानांतील फुनाई कंपनीनेंहि २०१६ च्या जुलैंत व्हीएचएस यंत्रें बनविणें थांबविलें. आमचें यंत्र दोनदां दुरुस्त झालेलें आहे, आणि तें तिसऱ्यांदां दुरुस्त करणारा कोणी भेटेल अशी खात्री नाहीं. शिवाय दोन कॅसेटींच्या कडेवर पांढरट बुरशी दिसूं लागली होती. जें करावयाचें तें ह्याच वर्षीं करावयास हवें होतें.

पुतण्याची पत्नी, म्हणजे आमच्या सूनबाई, ह्या विषयांत जाणत्या. फितींतील चित्र संगणकांत उतरविण्यासाठीं त्यांनीं आधीं एक बोटाएवढें उपकरण आणून पाहिलें. पण तासाभराच्या फितीच्या शेवटास पोहोंचेपर्यंत आवाज मागें आणि ओठ पुढें अशी स्थिति होई. म्हणून एका स्नेह्याकडून चांगल्यापैकीं ‘कॅप्चर कार्ड’ मिळविलें. येथें अडचण उभी राहिली, आणि ती अक्षरशः उभी राहिली.

आमचा संगणक कचेऱ्यांतून वापरतात तसला अरुंद, तपकीर गल्लींतून जुना घेतलेला. देवघराशेजारच्या फडताळांत तो नेमका बसतो, म्हणूनच घेतला. संगणकाच्या आंत मदरबोर्ड नांवाचा एक पाट असतो. त्यावर स्लॉट, म्हणजे खांचा असतात. त्या खांचेंत कार्ड काटकोनांत उभें राहतें. पूर्ण उंचीचें कार्ड सुमारें १११ मिलिमीटर, तर अरुंद पेटींत मावणारें बुटकें कार्ड सुमारें ६९ मिलिमीटर. फरक ४२ मिलिमीटरांचा. अंगुल पाऊण इंचाचें धरलें तर सव्वादोन बोटें. खांच होती, कार्ड होतें, दोहोंचा मेळहि बसत होता; फक्त कार्ड लावलें कीं पेटीचें झांकण लागत नव्हतें.

बंधु म्हणाले, “दादा, सरळ मोठें कॅबिनेट आणूं. एवढ्या खटाटोपानें काय साधणार?” त्यांचें म्हणणें अगदींच वावगें नव्हतें. पण कंपन्यांच्या ह्या अरुंद संगणकांतील मदरबोर्ड आणि वीज पुरविणारा भाग बहुधा त्यांच्याच मापाचे असतात. ते बाजारांतल्या दुसऱ्या कॅबिनेटांत बसत नाहींत. म्हणजे कॅबिनेटाबरोबर संगणकहि नवा आणि फडताळहि नवें! सूनबाई शांतपणें म्हणाल्या, “काका, कार्ड खांचेपर्यंत जात नसेल तर खांच कार्डापर्यंत आणतां येते.”

ती आणणारी वस्तु म्हणजे रायझर केबल. तिचें एक टोक कार्डाच्या कडेसारखें असतें; तें मदरबोर्डच्या खांचेंत बसतें. दुसऱ्या टोकाला तशीच एक खांच. मध्यें वेणीला बांधावयाच्या फितीसारखी चपटी तारांची पट्टी. मदरबोर्डला वाटतें कार्ड आपल्या दारांतच आहे. कार्ड मात्र वीतभर अंतरावर, ज्या कुशीवर आपल्याला ठेवावें वाटेल त्या कुशीवर. कल्पना नवी नाहीं. १९८० च्या दशकाच्या शेवटीं निघालेल्या एलपीएक्स पद्धतीच्या संगणकांत, आणि पुढें १९९७ च्या एनएलएक्स पद्धतींतहि, मदरबोर्डवर एकच उभी पट्टी रोवून तिच्या अंगाला कार्डें आडवीं लावीत. मोठमोठ्या कंपन्यांच्या दालनांतून जे सर्व्हर एकावर एक रचलेले असतात त्यांचा एक थर अवघा पावणेदोन इंचांचा असतो. त्यांत कार्ड आडवेंच निजवावें लागतें. उभ्याचें आडवें करण्याची ही विद्या आमच्या आजीनें माळ्यावरच्या भांड्यांवर चालविली होती, एवढाच काय तो फरक.

आतां थोडें आंतल्या कारभाराविषयीं, कारण मला गोडी लागली ती तेथेंच. ह्या खांचेला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. तिच्यांतील प्रत्येक ‘लेन’ला तारांच्या दोन जोड्या, एक जाण्याची, एक येण्याची. जोडींतील एका तारेवरून जें सांगितलें जातें त्याच्या नेमकें उलट दुसरीवरून सांगितलें जातें, आणि ऐकणारा फक्त दोहोंमधील अंतर घेतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून वजाबाकींत तो नाहींसा होतो. ज्या कोणास हें प्रथम सुचलें त्याच्या बुद्धीला मी मनांतल्या मनांत नमस्कार केला. २००३ सालच्या पहिल्या आवृत्तींत एका लेनवरून सेकंदास अडीच अब्ज स्पंद जात. २०१० च्या तिसरींत आठ अब्ज, २०१७ च्या चौथींत सोळा अब्ज, आणि २०१९ च्या पांचवींत बत्तीस अब्ज. वेग वाढला कीं तीच तार, तीच लांबी आणि तोच सांधा अपुरा पडूं लागतो.

हें मला चटकन् समजलें. व्याकरणशास्त्रांत उच्चाराच्या विलंबित, मध्यम आणि द्रुत अशा तीन वृत्ति मानल्या आहेत. माझ्या वर्गांतील कितीएक विद्यार्थी विलंबित वृत्तींत निर्दोष पठण करीत; द्रुत म्हणावयास लावलें कीं जोडाक्षरें गळूं लागत. तो दोष द्रुत वृत्तीनें उत्पन्न केलेला नसे. तो आधींपासूनच असे, संथपणाखालीं झांकलेला. सूनबाईंच्या बंधूंकडे बंगळुरास हाच प्रकार झाला. त्यांच्याजवळ मिनी-आयटीएक्स मदरबोर्डचा छोटा संगणक आहे. १७० मिलिमीटर लांब, तितकाच रुंद, आणि खांच एकच. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या पाठीला पाठ लावून बसविलेलें, मध्यें रायझर केबल. बोर्ड आणि कार्ड चौथ्या आवृत्तीचे, केबल तिसरीच्या हिशेबानें बनविलेली. दोन्ही बाजूंचीं यंत्रें आपसांत चौथ्या आवृत्तीचा वेग ठरवून मोकळीं होत, आणि मधली बिचारी केबल तोंडघशीं पडे. पडदा कधीं उजळत नसे, कधीं काम चालू असतांना एकाएकीं काळा होई. गृहस्थ नवें कार्ड घेण्याच्या विचारांत होते! सूनबाईंनीं फोनवरून सांगितलें, मॉनिटरची तार कार्डावरून काढून मदरबोर्डच्या स्वतःच्या जोडणींत लाव, बायॉसमध्यें जा, आणि त्या खांचेचा वेग आपोआप ठरूं न देतां तिसऱ्या आवृत्तीवर बांधून ठेव. तेव्हांपासून तक्रार नाहीं. वेगाची मर्यादा निम्मी झाली, पण नित्याच्या वापरांत त्यांस तें जाणवतहि नाहीं.

आमचें काम तर त्याहून कितीतरी सौम्य. मीं कागद घेऊन हिशेब केला. चित्राची रुंदी ७२० ठिपके, उंची ५७६, सेकंदाला २५ चित्रें, प्रत्येक ठिपक्यास दोन बाइट; म्हणजे सेकंदास दोन कोटी सात लाख बाइटांच्या आसपास. पहिल्या आवृत्तीची एकच लेन सेकंदास पंचवीस कोटी बाइट वाहते. बारा पट मोकळी जागा! तेव्हां साधी वीतभर केबल पुरावी हें उघड होतें. तरीहि एका दुकानांतून आणलेली पहिली केबल फुकट गेली. तिच्या टोकाचा सांधा ढिला होता, संगणकाला कार्ड कधीं दिसे, कधीं दिसत नसे, आणि दुकानदार तिच्याबद्दल बोलावयासहि तयार नव्हता. दुसरी दुसऱ्या दुकानांतून आणली, ती चालली.

पण केबल चालली म्हणून काम झालें असें नाहीं. कार्ड निजवावयाचें कोठें? पेटीच्या आंत आडवी जागाहि नव्हती. म्हणून पाठीमागच्या रिकाम्या फटींतून केबल बाहेर काढून कार्ड शेजारीं ठेवावें असें ठरलें. बंधूंनीं लगेच बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढें केला. सूनबाई सहसा आवाज चढवीत नाहींत, पण त्या दिवशीं म्हणाल्या, “पत्रा मुळींच नको, बाबा.” कार्डाच्या पाठीवर डाखाचे शेंकडों उघडे ठिपके असतात, त्यांस धातु लागला कीं वीज भलत्या वाटेनें जाते. अमेरिकेंत २०२१ च्या फेब्रुवारींत एनझेडएक्सटी कंपनीचीं ‘एच१’ नांवाचीं छोटीं कॅबिनेटें ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या सूचनेसह परत मागविण्यांत आलीं, तीं ह्याच जातीच्या दोषामुळें. रायझर पेटीला जखडणाऱ्या दोन स्क्रूंमुळें रायझरच्या पट्टींत शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका होता. दोन स्क्रू! तसेंच, स्वस्त रायझरांपैकीं कित्येक वीज घेतात ती हार्ड डिस्कच्या साटा जोडणींतून. त्या जोडणीच्या बारा व्होल्टच्या तारांची शक्ति ५४ वॅट, आणि मोठें कार्ड खांचेंतून ७५ वॅटपर्यंत मागूं शकतें. हे दोन आंकडे ज्यास वाचतां येतात त्यानें तसली जोडणी मोठ्या कार्डास लावूं नये. आमचें कार्ड थोडक्या विजेंत भागणारें. तरीहि ज्या घरांत लहान मुलें वावरतात आणि शेजारीं देवघरांत समई तेवते, तेथें ‘चालतें आहे ना’ एवढ्यावर थांबणें मला पटत नाहीं.

अखेर आमच्या वडिलांची दऊत-टांकाची सागवानी पेटी कामीं आली. तिच्या तळाशीं नायलॉनचे चार खुंट बसवून त्यांवर कार्ड ठेवलें, बाजूंस वारा खेळण्यापुरतीं भोंकें पाडलीं. पेटीला भोंकें पाडतांना मला बरें वाटलें नाहीं हें लपवीत नाहीं. फटीची पत्र्याची कड कानशीनें घांसून तिच्यावर कापडी चिकटपट्टी लावली, कारण पट्टींतील तारा धारेवर घांसल्या तर महिन्याभरांत कापल्या जातात. व्हिडिओ यंत्राकडून येणाऱ्या तारा आधीं पेटीच्या कडीला सुतळीनें बांधल्या आणि मग कार्डास जोडल्या. कोणाचा पाय अडकला तर हिसका सुतळीस बसावा, कार्डास नव्हे. सर्व जोडाजोड अर्थातच संगणकाची वीज मुळांतून काढून केली.

मुंजीची कॅसेट पहिलीच घेतली. प्रारंभीं पडद्यावर पावसासारख्या रेघा, मग मांडव, मग कोणाच्या तरी पाठी, आणि मग उंबऱ्याशीं बसलेल्या मातोश्री. आवाज थोडा घोगरा, पण ओठांबरोबर. दुसऱ्या कडव्यानंतर त्या थांबतात, हंसतात, आणि कोणाला तरी विचारतात, “पुढचें काय ग?” बाजूनें शब्द सांगणारी आमची थोरली आत्या, तीहि आतां नाहीं. बंधु खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले, आणि बऱ्याच वेळानें म्हणाले, “दादा, पुन्हा लावावयास सांगा.” नातवंडांस आपल्या बापाचा गोटा केलेला पाहून हंसूं आवरेना.

आजपर्यंत नऊ कॅसेटी उतरल्या आहेत. बुरशी लागलेल्या दोन मागें ठेवल्या आहेत. तसली फीत यंत्रांत घातली तर यंत्राचें हेड बरबटतें आणि पुढच्या कॅसेटीसहि लागण होते, म्हणून त्या साफ करून अगदीं शेवटीं घ्यावयाच्या. सूनबाईंनीं त्या निराळ्या डब्यांत, ओल शोषून घेणाऱ्या पुड्यांसह बंद केल्या आहेत. दिवाळीपूर्वीं तें काम उरकावें असा बेत आहे. तोंवर वडिलांची पेटी संगणकाशेजारीं, आणि माझी दऊत खिडकींत.