कुंकू पुसणारे हात

कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका म्हणजे ऊस आणि महापूर दोन्ही अंगावर घेणारा मुलूख. तिथल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी एक ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे सगळं गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते. ठराव मांडणारी बाई होती, अनुमोदन देणारीही बाईच. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

त्या बातमीत मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे, की निर्णय गावाने घेतला. कुठल्या पीठाने नाही, धर्मसभेने नाही. ज्या गावाने ही प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालवली, त्याच गावाने ती थांबवायचं ठरवलं. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. धर्म आणि समाज यांच्या नात्यावर वर्गात जे तासन्‌तास बोलावं लागतं, ते या एका ठरावात लख्ख दिसतं.

पण ठराव कागदावर असतो आणि प्रथा मागच्या खोलीत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर नात्यातल्या एका घरी दहाव्याला गेले होते. गुरुजी आणि पुरुषमंडळी नदीवर, कावळा शिवायची वाट बघत. घरात बायका जमलेल्या. जिचा नवरा गेला होता, ती तिशी नुकतीच ओलांडलेली बाई मधे पाटावर. आधी तिला मळवट भरला, हिरवा चुडा भरला, केसात गजरा माळला. लग्नात करतात तसं सगळं. मग वरवंटा आला. धाकटी जाऊ कळवळून म्हणाली, "राहू द्या की वो आत्ती, पोरगी बघतीया." तिची पोरगी दाराची चौकट धरून उभी होती. आत्या म्हणाल्या, "आमी काय सुखानं करतोय व्हय? माजंबी असंच केलं. न्हाई केलं तर लोक काय म्हनतील?" दोन्ही मनगटं एकावर एक ठेवून बांगड्या फोडल्या. काच लागून रक्त आलं, तेव्हा आत्यांनीच स्वतःचा पदर त्या मनगटावर दाबून धरला आणि त्याच सगळ्यांत मोठ्याने रडल्या.

त्या खोलीत एकही पोथी नव्हती, मंत्र म्हणणारं कुणी नव्हतं. आज्ञा देणारा एकही पुरुष तिथे हजर नव्हता. तरीही जे चाललं होतं ते 'धर्माचं' होतं आणि ते टाळायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मग ही सक्ती येते कुठून?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने 1912 साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या धर्मजीवनावर ग्रंथ लिहिला. मृत्यूनंतर तिथल्या बायका स्वतःचं अंग ओरबाडून रक्तबंबाळ करून घेत. दुर्खीमने त्याचा अर्थ लावताना म्हटलं की शोकविधी हा काही दुखावलेल्या मनाचा आपोआप फुटलेला हुंदका नव्हे. समूह तो कर्तव्य म्हणून अंगावर घालतो. माणूस गेला की समूहाला खिंडार पडतं, ते बुजवायला तो एकत्र येतो, आणि आपण एक आहोत याची खात्री कुणाच्या तरी अंगावर करून घेतो. पवित्र म्हणून ज्या शक्तीपुढे माणूस वाकतो, तिच्यामागे त्याचा समूहच उभा असतो, हे त्याचं मुख्य म्हणणं. आत्यांच्या तोंडचे 'लोक' ते हेच.

दुर्खीम एवढं सांगतो, पण खिंडार बुजवायला बाईचंच मनगट का, याचं त्याचं उत्तर मला अपुरं वाटतं. त्यासाठी मी विद्यार्थ्यांना डॉ. आंबेडकरांकडे नेते. 1916 साली, पंचविशीतल्या आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून. आणि ते गणित बिघडतं ते जोडीदारांपैकी एक आधी गेला की. मागे राहिलेली बाई जातीबाहेर गेली तर भिंत फुटते, जातीतच दुसरं लग्न केलं तर कुमारिकेच्या वाट्याचा नवरा जातो. मग सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह हे तीन उपाय. त्यांना धर्माचा मुलामा नंतर चढला, असं त्यांचं प्रतिपादन होतं. खालच्या मानलेल्या जातींनी वरच्यांचं अनुकरण करत ते कसे उचलले, तेही त्याच निबंधात आहे. अशा अनुकरणाला एम. एन. श्रीनिवास यांनी दिलेलं 'संस्कृतीकरण' हे नाव आपण नंतर शिकलो. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा हा निबंध अजूनही समाजशास्त्राच्या वर्गात सक्तीने वाचला जावा, असं मला कळकळीने वाटतं.

महाराष्ट्रात या अनुकरणाच्या खुणा घरोघरी सापडतात. कित्येक शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागे, त्याला कुणी पाप म्हणत नसे. घराण्याने जरा डोकं वर काढलं की आधी पाट बंद होई. 'आमच्यात पाट लावत नाहीत' हे वाक्य मी अभिमानाने उच्चारलेलं ऐकलं आहे. कुळाची पत वाढली, तिची किंमत घरातल्या तरण्या विधवेने भरली. हे हिंदूंपुरतंही नाही. इस्लाममध्ये विधवेच्या निकाहाला आडकाठी नाही. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा या विधवाच होत्या. तरी उत्तर हिंदुस्थानातल्या शरीफ म्हणवणाऱ्या मुसलमान घराण्यांत विधवेचं लग्न कमीपणाचं ठरलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सय्यद अहमद बरेलवींना त्याविरुद्ध मोहीम काढावी लागली, स्वतः भावाच्या विधवेशी निकाह लावावा लागला. ग्रंथ एक सांगतो आणि भाऊबंद दुसरं करतात, तेव्हा भाऊबंदांचंच चालतं.

आपल्या सुधारकांची बरीच शक्ती ग्रंथांवर खर्च झाली. 1856 साली पुनर्विवाहाचा कायदा आला. 1870 साली पुण्यात शंकराचार्यांपुढे शास्त्रार्थ झाला, पुनर्विवाहाच्या बाजूने विष्णुशास्त्री पंडितांचा पक्ष वचनं काढून लढला, आणि निकाल विरोधात गेला. तो बाजूने लागता तरी ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकणं, चुकलं असतं असं मला वाटत नाही. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं. कायदा होऊन तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. त्यांच्या मुरुड गावाने एकत्र बसून त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कोकणातलं मुरुड आणि शिरोळातलं हेरवाड ही दोन गावं मला शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. दोन्हीकडे गाव जमलं आणि विधवेबद्दल ठराव झाला, दोन्ही ठरावांमागची ताकद एकाच प्रकारची. मुरुडला बैठक पुरुषांची होती. हेरवाडला ठराव मांडणारी बाई सदस्य होती. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, त्याचं फळ रस्त्या-गटारांत मोजतात. ते इथेही मोजायला हवं.

आता त्या मागच्या खोलीकडे पुन्हा बघू, कारण एक गोष्ट तिथे बसून लक्षात येत नाही. दहावा, तेरावा, मग वर्षश्राद्धापर्यंत कुणाच्या दारात जायचं नाही, सणावारी पुढे यायचं नाही, असं ज्या काळात बाईला बांधून टाकलेलं असतं, नेमक्या त्याच काळात तिच्या नवऱ्याची मालमत्ता कुणाची हे ठरत असतं. वारसाची माहिती तलाठ्याला तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, ती 6 क च्या नोंदवहीत चढते, मग फेरफार होऊन नाव सातबाऱ्यावर येतं. बँकेचं खातं, विम्याचे कागद, सोसायटीचा शेअर, कारखान्याच्या उसाची नोंद, सगळं त्याच आठवड्यांत. तलाठ्याकडे जातो दीर. कधी त्याच सुमारास 'घरचीच गोष्ट आहे' म्हणत हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा किंवा सही घेतली जाते. सगळे दीर वाईट नसतात, हे मला ठाऊक आहे. पण जिचं कपाळ पुसलं आहे, जिने समोर येणंच अशुभ, तिने चारचौघांत 'माझं नाव लावा' म्हणायचं कुठल्या तोंडाने? हिंदू वारसा कायद्याने 1956 साली तिला मुलांइतकाच हिस्सा दिला. विधी तिचा आवाज काढून घेतो, आणि आवाजाविना तो हिस्सा पदरात पडत नाही. वैधव्याच्या प्रथेला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांशी माझं इथे पटत नाही. ती व्यवस्था आहे आणि तिचे लाभार्थी आहेत.

ठरावाने काय होतं, असं लोक विचारतात. ठराव कुणाला तुरुंगात घालू शकत नाही. पण आत्यांच्या प्रश्नाला तो उत्तर देऊ शकतो. लोक काय म्हणतील, याला 'लोकांनीच नको म्हटलंय' हे उत्तर. जी धाकटी जाऊ दबक्या आवाजात 'राहू द्या' म्हणाली, तिच्या पाठीशी गाव उभं राहतं, तेही ती वेळ येण्याआधीच. दहाव्याच्या दिवशी भांडायची ताकद कुणातच नसते.

1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी जमले आणि त्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारात वाढलेले ते कामगार पुढारी. त्यांनी शास्त्र्यांना विनवलं नाही, वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांच्याशीच ते बोलले. आज वरवंटा ज्यांच्या हातात दिला जातो त्या बायका आपल्या बचत गटांत आहेत, भजनी मंडळांत आहेत, आशाताईंच्या ओळखीच्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींचं मनगट कधी ना कधी असंच फुटलेलं आहे. बोलायला हवं ते त्यांच्याशी, आणि गावात सगळं कुशल असताना.

आणि ग्रामपंचायतींना माझी एक मागणी आहे. बांगड्या न फोडण्याच्या ठरावाखाली आणखी एक ओळ घाला: मृत्यूनंतर महिन्याच्या आत दोन महिला सदस्यांनी त्या घरी जावं, बाईला बरोबर घेऊन तलाठी कार्यालय गाठावं, वारस नोंदीत तिचं नाव लागल्याचं स्वतः बघावं, आणि ते लागेपर्यंत तिला कुठल्याही कागदावर सही करू देऊ नये.