बंद पडलेला टीव्ही गेम आणि आमचे हात

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. नागोठण्यात आमच्या वस्तीत विहाराला लागून एक खोली आहे, तिथे आम्ही संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. सुट्टीत पुस्तकाला कोण हात लावतो? एका मुलाने घरातला जुना टीव्ही गेम आणला. तोच, ज्याला कॅसेट लावून मारिओ खेळतात. खोलीतल्या टीव्हीला जोडला, तर त्याचा लाल दिवासुद्धा लागेना. बाजारातल्या एका दुकानदाराने तो हातात न घेताच सांगितले होते, "टाकून दे, नवीन घे." मुलाने तो डबा आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही एवढे शिकलात. बघा ना काय झालंय."

आम्ही शिकलो आहोत हे खरे. समाजशास्त्रात एम. ए. केले. श्रमविभागणीवर वीस-वीस पानांची उत्तरे लिहिली. पण त्या डब्याखालचे चार स्क्रू काढायचे तर आमच्या घरात साधा पेचकस नव्हता. आणि असता तरी आम्ही तो डबा उघडला नसता. का उघडला नसता? मित्रांनो, हा प्रश्न आम्हाला तेव्हापासून सोडत नाही, म्हणून हा लेख.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९९०च्या दशकात, वस्तीत कोणाकडेही टीव्ही गेम नव्हता. गावात शाळेतल्या एका मित्राकडे होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले, त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडे टीव्ही गेम म्हणून विकल्या जात. चित्र नीट आले नाही की कॅसेट बाहेर काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची आणि परत बसवायची, हा पोरांचा एकमेव इलाज. सगळे पाळीपाळीने फुंकायचे. आमची पाळी आली की आतून मित्राची आजी म्हणायची, "त्याला फुंकू देऊ नको रे, थुंकी उडते." बाकीच्या चार पोरांची थुंकी उडत नव्हती! आम्हाला खेळायला रिमोट मिळायचा, कॅसेट मात्र मिळायची नाही. मित्राला त्यात काही कळत नव्हते आणि आम्हालाही. आम्ही फक्त एवढे शिकलो की यंत्र बिघडले की आपण मागे सरकायचे.

पुढे एम. ए. करताना मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचनात आला. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८-२९च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. ते वाचताना आम्हाला ती आजी आठवली. गिरणीतला धागा काय आणि गेमची कॅसेट काय, मशीनच्या आत कोणाचे हात आणि कोणाचा श्वास जाणार हे जात ठरवत होती. आमच्या बाबतीत तर आजीची गरजही उरली नव्हती. तिशी ओलांडल्यावरही आम्ही आपणहून मागे सरकत होतो.

या वेळी मागे सरकायचे नाही असे ठरवले. वस्तीतल्या एका काकांना बोलावले. काकांनी एका कारखान्यात ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियनचा हेल्पर म्हणून वीसहून जास्त वर्षे काढली. वायरिंग त्यांनी करायचे आणि सही दुसऱ्याने करायची, कारण काकांकडे आयटीआयचा कागद नव्हता. ते पिशवीतून मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचे सामान घेऊन आले. चार स्क्रू काढले, झाकण वर आले आणि पोरांचा एकच आवाज, "एवढंच?"

खरोखर एवढेच होते. तळहाताएवढी पाटी, तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका, दोनचार कपॅसिटर आणि कडेला तीन पायांची एक आयसी. काकांनी सांगितले, त्या काळ्या थेंबाखाली गेमची मुख्य चिप असते. ती गेली तर विषय संपला, घरी ती बदलता येत नाही. पण बहुतेक वेळा ती गेलेली नसते. तीन पायांची आयसी म्हणजे ७८०५. अडॅप्टरमधून ९ व्होल्ट येतात, चिपला लागतात ५. ते उतरवून देण्याचे काम ही आयसी करते. काकांनी मीटर लावला. आत येणाऱ्या पायावर व्होल्टेज होते, बाहेर जाणाऱ्या पायावर शून्य. "बघ बाळा, आत येतंय, बाहेर जात नाही. मधला माणूस मेला."

तो मेला कसा? मुलाच्या मोठ्या भावाने मूळ अडॅप्टर सापडेना म्हणून वायफायच्या डब्याचा अडॅप्टर लावला होता. पिन बसली, म्हणून चालेल असे वाटले. पण त्या अडॅप्टरच्या पिनेत आत अधिक आणि बाहेर वजा होते, गेमला हवे होते नेमके उलटे. हे दोन्ही डब्यांवर छोट्या चित्रात छापलेले असते. आजवर ते आम्हीही कधी पाहिले नव्हते.

पुढच्या आठवड्यात कामासाठी मुंबईला जायचे होते. नागोठण्याहून गाडीने दिवा, तिथून लोकलने दादर आणि मग ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडला एक ७८०५ आणि एक डायोड घेतला. दोन्ही मिळून वीस रुपयांच्या आत काम झाले. दुकानदाराने जो डबा कचऱ्यात काढला होता, त्याचा आजार एवढ्या पैशांचा होता.

बसवताना पहिली चूक आम्हीच केली. जुनी आयसी काढताना गरम टोक जास्त वेळ टेकवले आणि पाटीवरची तांब्याची पट्टी उखडली. काका हसले. एका पातळ तारेने त्यांनी तो तुटलेला रस्ता जोडला. नववीतली एक मुलगी मागून सगळे बघत होती. ती म्हणाली, "दादा, तुमचा हात कापतोय. मला करू द्या." नवीन आयसीचे तिन्ही पाय तिने जोडले, आमच्यापेक्षा स्वच्छ जोडले. त्याआधी काकांनी एक गोष्ट करायला लावली. बाहेर जाणाऱ्या पायावर शॉर्ट नाही ना, हे मीटरने तपासून घेतले. शॉर्ट असता तर नवीन आयसी बसवूनही गेम सुरू झाला नसता. मग अडॅप्टरच्या वाटेत तो डायोड बसवला. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. आता कोणी उलटा अडॅप्टर लावलाच तर गेम सुरू होणार नाही, पण जळणारही नाही.

दिवा लागला, पण पडद्यावर नुसते रंगीत चौकोन. आता कॅसेटची पाळी. पोरांनी सवयीने फुंकर मारायला तोंड पुढे केले, काकांनी थांबवले. फुंकरेबरोबर ओल जाते, पिना गंजतात, आणि आपल्या कोकणातल्या हवेत तर लवकर हिरव्या पडतात. पेन्सिलीच्या खोडरबराने पिना हलक्या हाताने घासल्या, मग कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसल्या. म्हणजे थुंकीबद्दल मित्राची आजी बरोबरच होती म्हणायची! फक्त तो नियम सगळ्या पोरांना लावायला हवा होता. कॅसेट बसवली आणि मारिओ धावायला लागला. ती संध्याकाळ कशी गेली हे सांगायला नको.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या एका कार्यकर्ता मित्राने हे ऐकून सरळ विचारले, "म्हणजे पुन्हा हाताची कामे आमच्याच पोरांनी करायची का? आमच्या आजोबांनी गावकीची कामे सोडली ती यासाठी?" आक्षेप योग्य आहे. मेलेली गुरे ओढणे आपण सोडले ते स्वाभिमानासाठी, आणि ते सोडण्याची किंमतही आपल्या लोकांनी मोजली. पण एक फरक लक्षात घ्या. त्या कामात निवड नव्हती, योग्य मोबदला नव्हता, आणि त्यातल्या ज्ञानाला ज्ञान म्हणण्याची कोणाची तयारी नव्हती. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त मांडले. डोके एका जातीकडे आणि हात दुसऱ्या जातीकडे, ही त्या व्यवस्थेची खरी चलाखी. हाताची कामे टाकून फक्त डोक्याच्या बाजूला जाऊन बसलो, तर ती विभागणी मोडत नाही, आपण फक्त जागा बदलतो. आणि सगळ्यांना ती जागा मिळतही नाही. वस्तीत बी. ए. झालेली किती मुले ठेकेदाराकडे हेल्पर आहेत हे एकदा मोजा.

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा आपल्या लोकांना फारसा उपयोग नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे प्रगत शिक्षण हवे, आणि ते महाग असल्याने सरकारने मदत करावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना तांत्रिक प्रशिक्षण मिळावे, हीही मागणी होती. हे लिहिणारा माणूस स्वतः अर्थशास्त्राचा डॉक्टर आणि बॅरिस्टर होता! आम्ही त्यांच्या पदव्या मोजून मुलांना सांगितल्या. हे निवेदन मात्र आमच्या अभ्यासिकेत एकदाही वाचले नव्हते. कलाशाखेच्या आमच्यासारख्याला ते टोचते, पण टोचू द्यावे.

दुसरी बाजू बाजाराची. नवीन महागड्या गेमिंग यंत्रांवर 'उघडल्यास वॉरंटी रद्द' असे स्टिकर असत. २०१८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डोसह सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल इशारा दिला. काही यंत्रांत तर डिस्कचा ड्राइव्ह बदलला की यंत्र त्याला ओळखतच नाही, कारण जोडी कारखान्यातच कुलूपबंद केलेली असते. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल सुरू केले. चांगले आहे. पण हक्क पोर्टलवर असून भागत नाही, तो वापरणारा हात लागतो. आणि टाकून दिलेले यंत्र नाहीसे होत नाही. कुठल्यातरी वस्तीत कोणीतरी त्याच्या तारा जाळून तांबे काढतो, आणि तो धूर कोणाच्या पोरांच्या छातीत जातो हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आमची विनंती साधी आहे. ज्या ज्या विहारात अभ्यासिका आहे, तिथे पुस्तकांच्या कपाटात एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंगची कांडी आणि पेचकसांचा एक संच ठेवा. वस्तीतल्या हेल्पर काकांना 'सर' म्हणून बोलवा. मुलींना मागे उभे करू नका. सुरुवात अडॅप्टरवर चालणाऱ्या कमी व्होल्टच्या वस्तूंपासून करा, आणि तो काढून मगच डबा उघडा. खुद्द अडॅप्टर, जुना टीव्ही किंवा थेट विजेवर चालणारे यंत्र जाणकाराशिवाय उघडू नका. त्यातले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देतात. हा नियम आम्ही खोलीच्या भिंतीवर लावला आहे.

आता दर रविवारी दुपारी काका येतात. पहिले दोन रविवार त्यांना खुर्चीवर बसायचा संकोच वाटत होता, जमिनीवरच बसायचे. तिसऱ्या रविवारी त्या नववीतल्या मुलीनेच खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, "सर, बसा." काका बसले. नंतर आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "कारखान्यात एवढी वर्षं काढली, पण सर कोणी म्हटलं नव्हतं."

जय भीम!